शुगर वाढलीय हे ओळखायचं कसं, आणि ओळखल्यावर करायचं काय

एप्रिल महिना होता. लक्ष्मी रोडला कामासाठी गेलो की मी उसाचा रस प्यायचो. एक ग्लास, मग अर्ध्या तासाने दुसरा. घरी आलो की माठातलं पाणी, तरी घशाची कोरड जाईना. रात्री तीन-चारदा लघवीला उठायचो. बायको म्हणाली, "अहो, घागरभर पाणी पिताय, मग उठावं लागणारच." मलाही पटलं. उन्हाळा होता, सत्तेचाळिशी उलटली होती आणि ऑफिसातली मार्च एंडची दगदग नुकतीच संपली होती. प्रत्येक तक्रारीला एकेक कारण तयार होतं. महिन्याभराने रक्त तपासलं तेव्हा उपाशीपोटीची साखर २६८ निघाली.

त्याला आता अकरा वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. पण सोसायटीत कुणाला नव्याने डायबेटिस निघाला की तो संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसतो आणि त्याला मी जे सांगतो तेच इथे लिहितोय. कुठली गोळी आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. त्यांची भेट महिन्या-दोन महिन्यांनी होते. मधले दिवस आपले आपल्यालाच काढायचे असतात, हे लिखाण त्या दिवसांसाठी.

पहिलं काम : लक्षणांना दुसऱ्याचं नाव देणं थांबवा

आपलं मूत्रपिंड रक्तातली साखर लघवीत जाऊ देत नाही, परत ओढून घेतं. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की त्याला तेवढी झेपत नाही आणि ती लघवीत उतरू लागते. जाताना सोबत पाणीही ओढून नेते. म्हणजे आमच्या घरात हिशेब उलटा मांडला जात होता. पाणी जास्त प्यायल्याने लघवी होत नव्हती. लघवीवाटे पाणी जात होतं, म्हणून तहान लागत होती. त्या तहानेवर मी उसाचा रस ओतत होतो. जुन्या वैद्यांनी लघवीला मुंग्या लागतात हे बघून या रोगाचं नाव मधुमेह ठेवलंय, ते उगीच नाही.

पेशींना साखर वापरता येत नाही, म्हणून पोटभर जेवूनही गळून गेल्यासारखं होतं. दुपारच्या जेवणानंतर डोळे मिटायला लागतात. पुण्यात दुपारच्या झोपेला कुणी आजार समजत नाही, त्यामुळे हे लक्षण हमखास निसटतं. साखर बराच काळ फार वर राहिली तर वजन उतरतं. तेव्हा लग्नाकार्यात लोक "काय छान बारीक झालात!" म्हणतात आणि आपण खूश होतो. खाण्यात काही बदल न करता कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला असेल, तर कौतुक नंतर ऐका, आधी रक्त तपासा.

नजर अंधूक होणं हे आणखी एक. साखर वाढली की डोळ्यातल्या भिंगात पाणी शिरतं, त्याचा आकार बदलतो आणि चष्म्याचा नंबर हलतो. मी त्याच महिन्यात चष्मा बदलून आलो होतो. साखर ताळ्यावर आली तशी नजर पुन्हा जागेवर आली आणि तो महागडा चष्मा कपाटात गेला. साखर चढ-उतार करत असताना नवा चष्मा करू नका, काही आठवडे थांबा. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घेणं ही गोष्ट वेगळी. ती नजर स्वच्छ असली तरी करायची.

जांघेत किंवा लघवीच्या जागी खाज, पुन्हा पुन्हा होणारं लघवीचं इन्फेक्शन, दाढी करताना कापलेलं दहा दिवस न भरणं, हिरड्या सुजणं, रात्री तळपायांची आग किंवा मुंग्या हीसुद्धा लक्षणंच. त्यातलं खाजेचं बायका घरात बोलत नाहीत आणि पुरुष मेडिकलमधून मलम आणून लावत बसतात. दोघांनीही डॉक्टरांना स्पष्ट सांगावं.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे दोनशे-सव्वादोनशेला बहुतेकांना काहीच होत नाही. शरीर सरावतं. इतकं, की तीनशेवरून औषधाने सव्वाशेवर आलेल्या माणसाला साखर कमी झाल्यासारखी थरथर सुटते, घाम येतो. प्रत्यक्षात आकडा चांगला असतो. म्हणून "मला कळतं माझी शुगर वाढली की" असं म्हणणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही. त्यात मीही आलो.

"आमच्यात कुणी जाड नाही, आम्हाला कसा होईल?" हेही ऐकायला मिळतं. त्याचं उत्तर आपल्याच गावात सापडलंय. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे, ही आपली ठेवण. वजनकाट्याला ती दिसत नाही.

दुसरं काम : मीटर नीट वापरायला शिका

ग्लुकोमीटर घ्या. मीटरच्या किमतीपेक्षा त्याच्या पट्ट्या कितीला आणि जवळच्या मेडिकलमध्ये मिळतात का, ते आधी विचारा. खर्च मीटरचा नसतो, पट्ट्यांचा असतो.

पहिल्या वर्षी एका रविवारी जेवणाआधी मी बोट टोचलं. आकडा आला ३१२. पोटात गोळा आला. सकाळी तर १३० होती! बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आंबे कोणी चिरले?" मीच चिरले होते. हापूसचा रस फडक्याला पुसून तसाच बसलो होतो. साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसऱ्या बोटाला टोचलं. १४८. बोटावरची अदृश्य साखर रक्ताच्या थेंबात मिसळली की मीटर ती पण मोजतं. त्या दिवशी घाबरून जास्तीची गोळी घेतली असती तर संध्याकाळी मला उचलून न्यावं लागलं असतं.

तेव्हा साबण आणि पाणी. सॅनिटायझरवर भागवू नका, त्याने साखर निघत नाही. हात पूर्ण कोरडे करा. टोचायचं बोटाच्या टोकावर नव्हे, कडेला. तिथे दुखतं कमी. रक्त येत नसेल तर हात खाली सोडून हलवा, बोट पिळू नका. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवा आणि गॅसच्या ओट्याजवळ ठेवू नका. मुदत संपलेली पट्टी काटकसर म्हणून वापरणारे आमच्या पेठेत कमी नाहीत, पण त्या आकड्याला अर्थ नसतो.

घरचं मीटर लॅबच्या आकड्यापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे दाखवू शकतं. त्यामुळे काल १५८ आणि आज १६६ म्हणून जीवाला घोर लावून घेऊ नका.

सुरुवातीचे काही आठवडे उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी अशी साखर बघा. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नाही. वहीत आकड्यापुढे काय खाल्लं ते दोन शब्दांत लिहा. नुसत्या आकड्यांची वही डॉक्टर उलटतात आणि परत देतात. "२२४ – बारशाचं जेवण" असं लिहिलेलं असलं की त्यांचा पुढचा प्रश्न वाचतो.

आकड्यांचं थोडक्यात

डायबेटिसचं निदान होतं ते उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, किंवा एचबीए१सी ६.५ किंवा जास्त असेल तेव्हा. हे निदानाचे आकडे झाले. निदान झाल्यावर बहुतेकांना जे लक्ष्य दिलं जातं ते उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८०च्या आत, एचबीए१सी ७च्या आसपास. ऐंशी वर्षांच्या आजींना किंवा हृदयविकार असलेल्याला डॉक्टर यापेक्षा सैल लक्ष्य देतात, गरोदर बाईला कडक देतात. शेजाऱ्याच्या आकड्याशी बरोबरी करायची नाही.

एचबीए१सी म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी. ७ आली तर सरासरी साखर १५४च्या आसपास होती, ९ आली तर २१२च्या. तपासणीच्या आदल्या चार दिवसांत भात सोडून उपयोग होत नाही. फक्त अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा फसवू शकतो, तेव्हा डॉक्टरांना तसं सांगा.

तिसरं काम : गोळी वाढवण्याआधी चोर शोधा

साखर २४० आली की पहिली ऊर्मी येते ती एक गोळी जास्त घ्यायची. हे करू नका. काही गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइडच्या जातीच्या, उशिरापर्यंत काम करत राहतात आणि रात्री साखर धाडकन खाली आणतात. इन्शुलिनवाल्यांनी आधीचा डोस अजून चालू असताना वर दुसरा टोचला की तीच गत. वाढलेली साखर तासा-दोन तासांत जीव घेत नाही; फार खाली गेलेली घेऊ शकते.

आधी मागचे दोन दिवस आठवा.

बहुतेक वेळा चोर स्वयंपाकघरातच असतो, पण मिठाईच्या डब्यात नाही. मिठाई खाल्ली की आपल्याला अपराधी वाटतं आणि लक्षात राहतं. लक्षात राहत नाही ती एकादशी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्याची खिचडी, वर बटाट्याची भाजी, रताळ्याचे काप, दोन केळी. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण डायबेटिसवाल्यांसाठीच केली असावी. ज्यांना उपास मोडवत नाही त्यांनी वाटीभरच खिचडी, सोबत दही, शेंगदाणे आणि काकडी घ्यावी. इन्शुलिन किंवा गोळ्या चालू असताना निर्जळी उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

दुसरा चोर अमृततुल्य. चमचाभर साखर चार-पाच ग्रॅमची. दिवसातून चार वेळा कटिंग घेतला तर बेरीज तुम्हीच करा. तिसरा गूळ. गुळाला सात्त्विक म्हणतात, रक्ताला ते माहीत नसतं. ज्वारीची भाकरी चांगलीच आहे, पण ती चांगली म्हणून तीन खाल्ल्या तर आकडा पोळीसारखाच येतो. 'शुगर फ्री' लिहिलेल्या बिस्किटात मैदा असतोच.

खाणं ठीक असेल तर गोळी चुकली का बघा. मी सकाळची गोळी घेतली की नाही यावर घरात वाद व्हायचे. वारांची डबी आणल्यापासून मिटले. नंतर अंगात कुठे इन्फेक्शन आहे का ते तपासा : ताप, खोकला, लघवीला जळजळ, किंवा दाढ. दाढेचं मी मुद्दाम सांगतो, कारण माझी साखर एकदा तीन आठवडे कशालाच दाद देत नव्हती आणि मुळाशी पू झालेली दाढ निघाली. दाढ काढली, साखर आठवड्यात उतरली. स्टेरॉइडनेही साखर चढते. दम्यासाठी, त्वचेसाठी, गुडघ्यात घेतलेल्या इंजेक्शनमधून, कसंही गेलेलं असो. हाडवैद्याने दिलेल्या बिननावाच्या पुड्यांतही ते असू शकतं. जागरण आणि घरातलं टेन्शन यांचाही वाटा असतो, तो मोजता येत नाही एवढंच.

रात्री नीट जेवूनही सकाळी उपाशीपोटीच साखर जास्त येते, असं पुष्कळ जण म्हणतात. पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं, काही हार्मोन वाढतात आणि यकृत साखर बाहेर सोडतं. यात तुमचा दोष नाही. औषधाची वेळ बदलून बघायची असते. सलग तीन-चार सकाळचे आकडे घेऊन जा.

इन्शुलिन घेणाऱ्यांनी इन्शुलिनकडेच संशयाने बघावं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि स्कूटरच्या डिकीत तर तवाच असतो. तिथे दोन तास राहिलेलं पेन दिसायला तसंच असतं, पण त्यात जोर राहत नाही. न उघडलेलं इन्शुलिन फ्रिजमध्ये, फ्रीजरपासून लांब ठेवा. एकदा गोठलं की फेकून द्या. चालू पेन घरात सावलीत साधारण चार आठवडे टिकतं. फ्रिज नसेल तर मातीच्या मडक्यात ओली वाळू आणि तिच्यात झाकणाची डबी, हा उपाय चालतो. दुसरं म्हणजे पोटावर बोटं फिरवून बघा. एकाच जागी टोचून टोचून तिथे मऊ गाठ होते आणि त्या गाठीतलं इन्शुलिन नीट लागत नाही. दुखत नाही म्हणून माणूस तिथेच टोचत राहतो. जागा बदलत राहा.

चौथं काम : त्या दिवशी, त्या वेळी काय करायचं

समजा आकडा २५०च्या पुढे आहे, पण तुम्ही ठीक आहात, बोलता-चालताय. पाणी प्या, थोडं थोडं करत, साधं किंवा बिनसाखरेचं ताक, लिंबूपाणी. रस, सरबत, शहाळं, पन्हं नको. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या त्रासामुळे पाण्याचं माप ठरवून दिलंय, त्यांनी ते ओलांडू नये. ठरलेलं औषध ठरलेल्या वेळेलाच घ्या. पुढचं जेवण टाळू नका, फक्त ताटात कोशिंबीर, उसळ, पालेभाजी वाढवा आणि ती आधी खा, पोळी किंवा भात शेवटी आणि कमी. जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं चाला, सोसायटीच्या आवारात चाललात तरी पुरे. त्यासाठी तळजाईची टेकडी गाठायला नको. जेवणानंतरच्या साखरेवर याचा जेवढा परिणाम मी पाहिलाय तेवढा कारल्याच्या रसाचा पाहिला नाही. तीन-चार तासांनी पुन्हा मोजा.

मळमळ, उलटी किंवा ताप असताना मात्र चालायला जायचं नाही. टाइप १ असलेल्यांनी, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही त्यांनी, २५०च्या वर आकडा आला की लघवीतले कीटोन (साखरेऐवजी चरबी जळू लागली की तयार होणारी आम्लं) तपासावेत. त्याच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात. कीटोन आले तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन.

सलग दोनदा ३००च्या वर आली, किंवा दिवसभर २५०च्या खाली उतरायला तयार नाही, तर माणूस ठणठणीत दिसत असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

चक्कर, घाम, थरथर होतेय आणि मीटर हाताशी नाही, वाढलीय की कमी झालीय कळत नाही, अशा वेळी कमी झालीय असं धरा. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्या. साखर जास्त असलीच तर त्याने फारसं बिघडत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका.

हे घरी बसून बघायचं नाही

इथे मी विनोद करत नाही. साखर जास्त आहे आणि त्यासोबत उलट्या थांबत नाहीत, पोटात दुखतंय, श्वास खोल आणि भराभर चाललाय, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतोय, तर रक्तात आम्ल साठत असतं. टाइप १ मध्ये हे काही तासांत होऊ शकतं, कधी कधी लहान मुलाचा डायबेटिस पहिल्यांदा कळतो तोच असा. घरचे पित्त समजून सोडा देत बसतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये आकडा दोनशेच्या आत असतानाही हे होऊ शकतं. तेव्हा "शुगर तर एवढी नाही" म्हणून थांबू नका.

म्हाताऱ्या माणसांचं रूप निराळं असतं. ताप किंवा जुलाबाचं निमित्त होतं, दोन दिवस खाणं-पिणं कमी, लघवी मात्र चालू. जीभ कोरडी पडते, माणूस सारखा झोपतो, असंबद्ध बोलतो. घरचे म्हणतात, वयाने भ्रमलेत. मीटर लावलं तर आकड्याऐवजी 'हाय' असं दोन अक्षरी काहीतरी येतं. आमच्याकडच्या एका काकांना ते मीटर नमस्कार करतंय असं वाटलं होतं. बहुतेक मीटरमध्ये त्याचा अर्थ साखर ६००च्या वर आहे. मीटर बिघडलं म्हणून नवी बॅटरी आणायला जाऊ नका. १०८ला फोन करा, ती रुग्णवाहिका फुकट आहे. फोनवर पहिल्या वाक्यातच डायबेटिस, आकडा आणि शुद्ध आहे की नाही, हे सांगा. मग पत्ता आणि जवळची खूण.

आजारपणाचे दिवस

ताप आला, जेवण गेलं नाही, तर लोक पहिली गोष्ट करतात ती इन्शुलिन बंद. "खाल्लंच नाही तर टोचू कशाला?" पण आजारपणात शरीर स्वतःच साखर सोडतं, न खाताही आकडा चढतो. टाइप १ मध्ये इन्शुलिन पूर्ण बंद कधीच करायचं नाही. डोस किती, ते फोन करून विचारायचं. उलट्या-जुलाब चालू असतील तर मेटफॉर्मिन आणि वर नाव घेतलेल्या दोन गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागू शकतात. तेही विचारून. दर चार तासांनी साखर बघा आणि पेज, मुगाच्या डाळीचं पाणी, ताक असं थोडं थोडं पोटात जाऊ द्या.

हे सगळं आजारी पडल्यावर विचारायला गेलं की दवाखाना एक ते चार बंद असतो. बरे असतानाच पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, "ताप आला तर मी कुठली गोळी घ्यायची, कुठली थांबवायची, आणि कितीच्या वर आकडा गेला तर तुम्हाला फोन करायचा?" आणि तिथेच लिहून घ्या. त्याच कागदावर सगळ्या औषधांची नावं आणि डोस, शेवटची एचबीए१सी, कशाची ॲलर्जी, आणि मुलाचा नंबर. आमचा कागद फ्रिजवर मोदकाच्या चुंबकाखाली लावलेला असतो. मागच्या बाजूला बायकोने दूधवाल्याचा हिशेब लिहिलाय, त्यामुळे तो दिवसातून एकदा तरी कुणाच्या ना कुणाच्या हातात येतोच.